सात थरांची पेटी

फार जुन्या काळी एका आंब्यावर आठ पायांच्या कोळ्यांची वस्ती होती. वसंतात त्यांच्यात प्रेमाचा सण असे. त्या दिवशी लग्नाळू कोळ्याने सजवलेल्या पेटीत माशी घालून कोळिणीकडे न्यायची. भेट आवडली तर लग्न ठरे. नाही आवडली, तर ती त्यालाच खाऊन टाकी.

भिकोबा कोळी या सणाला फार घाबरे. त्याने बहिणीच्या पाच पोरांना मदतीला बसवलं.

पोरांनी धाग्यांचे सात थर विणले आणि प्रत्येक थरावर भांडत भांडत काहीतरी चिकटवलं. मोहराचा तुरा झाला, फुलपाखराच्या पंखाचा तुकडा झाला. धाकट्याने तर स्वतःची टाकलेली कात लावली.

"अरे, हे काय?"

"मामा, मामीला माझी आठवण राहील!"

सणाच्या दिवशी भिकोबा रंभाबाई नावाच्या कोळिणीच्या जाळ्याशी गेला. पेटी पुढे सरकवून तो सहा पाय पळायच्या तयारीत ठेवून उभा राहिला.

रंभाबाई उपाशी होती. पहिला थर तिने कुरकुरत सोडला. दुसऱ्यावरचा तुरा हुंगला. कात बघून मात्र ती इतकी हसली की जाळं हललं.

"ही कुणाची हो?"

"धाकट्या भाच्याची. ऐकतच नाही तो."

सातवा थर सुटेपर्यंत उन्हं कलली. पेटी रिकामी होती.

"सजवायच्या नादात माझ्याकडून माशी घरीच राहिली," भिकोबा कसाबसा म्हणाला.

रंभाबाईने ती कात पुन्हा उचलून पाहिली आणि तिला परत हसू आलं.

"उद्या परत या," ती म्हणाली. "पण पेटी पोरांनाच करू द्या. तुम्ही हात लावू नका."