भुरीचा डोळा काही उघडेना

एक होती भुरी. मांजराचं इवलंसं पिल्लू. तिचे डोळे नुकतेच उघडले होते.
पण एका सकाळी काय झालं? एक डोळा चिकटला. गच्च मिटला. भुरीचं अर्धं अंगण हरवलं.
"तिकडे काय असेल?" भुरीला वाटलं.

भुरी म्हणाली, "डोळ्या, डोळ्या, उघड ना."
डोळा म्हणाला, "मी नाही उघडत. आईने चाटलं तर उघडेन."

लुटू लुटू, लुटू लुटू. भुरी आईकडे गेली.
"आई, आई, डोळा काही उघडेना. मी बघू कशी?"
आई म्हणाली, "लवकर उघडायला हवा गं. लहानपणीच डोकं बघायला शिकतं. पण जीभ माझी सुकली. घरातल्या गोदाक्काने दूध दिलं तर चाटीन."

लुटू लुटू, लुटू लुटू. भुरी गोदाक्काकडे गेली. आक्का ओसरीवर बसली होती.
"आक्का, आक्का, आई डोळा चाटेना, डोळा काही उघडेना. मी बघू कशी?"
आक्का म्हणाली, "वाटी रिकामी गं बाई. शेळीने दूध दिलं तर भरीन."

लुटू लुटू, लुटू लुटू. भुरी शेळीकडे गेली.
"शेळीताई, शेळीताई, आक्का वाटी भरेना, आई डोळा चाटेना, डोळा काही उघडेना. मी बघू कशी?"
शेळी म्हणाली, "मी नाही देत. शेवग्याने पाला दिला तर देईन."

लुटू लुटू, लुटू लुटू. भुरी शेवग्याच्या झाडाकडे गेली.
"शेवगेदादा, शेवगेदादा, शेळी दूध देईना, आक्का वाटी भरेना, आई डोळा चाटेना, डोळा काही उघडेना. मी बघू कशी?"
शेवगा म्हणाला, "मला गुदगुल्या केल्यास तर पाला देईन."

भुरीने पंजा मारला. चुकला. एका डोळ्याला झाड नीट सापडेना.
मग तिने खोडाला मिशा लावल्या. हां, इथे आहे. नखांनी खाजवलं, खर्र खर्र, खर्र खर्र.
शेवगा हसला. सळसळ सळसळ. पाला पडला.

शेवग्याने पाला दिला.
शेळीने दूध दिलं.
आक्काने वाटी भरली.
आई दूध प्यायली, लप लप लप.
आईने डोळा चाटला.
आणि डोळा उघडला. टक्क!

पण हे काय? त्या डोळ्याला सगळं धुकं धुकं.
"आई, डोळा उघडला. पण त्याला काही कळत नाही."
आई म्हणाली, "तो डोक्याला निरोप धाडतोय. डोकं अजून शिकतंय. तू बघत राहा."

भुरी बघत राहिली. आज बघितलं. दुसऱ्या दिवशीही बघितलं.
डोळ्यातून निरोप निघाला, लुक लुक. डोक्यात दिवा लागला, लुक लुक. दिव्याला दिवा जोडला.
धुक्यातून एक रेघ आली. रेघेला रेघ लागली. भिंत झाली.
भिंतीवर ठिपका. ठिपका चालायला लागला.
"आई, हे कोण?"
"मुंगी," आई म्हणाली.

टुणुक! भुरीने उडी मारली. पंजा बरोब्बर मुंगीशेजारी पडला.
मुंगी म्हणाली, "नीट बघ हं. मी लहान आहे."
"बघतेय," भुरी म्हणाली. "दोन्ही डोळ्यांनी."

मुंगी शिरली फटीत, गोष्ट आली मुठीत.