पालखी वळली

“...पण त्यांच्या रिवाजाला चूक म्हणणारे आपण कोण, बुवा?”

मकरंद शहरात तत्त्वज्ञान शिकवत असे. कोकणातल्या सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावरच्या मठात रामजीबुवांकडे तो शिकायला आला होता, पण बोलायचा मात्र शिकवायला आल्यासारखाच.

खाली गावात शिमग्याची पालखी घरोघर फिरत होती. फक्त सुगंधाच्या दारी ती जात नसे. नवरा गेल्यावर तिने दुसरं लग्न केलं, म्हणून गावकीने तिचं घर वाळीत टाकलं होतं.

“गावकी काय म्हणते?” बुवांनी विचारलं.

“देवीच तिकडे वळत नाही, खांदेकऱ्यांना दुसरीकडे ओढते. ते त्यांचं सत्य आहे, बुवा. बाहेरून आणलेल्या मापाने ते मोजता येत नाही.”

“आणि सुगंधा? ती बाहेरची?”



बुवा उठले आणि तडक सडा उतरले. मकरंद मागोमाग धावला.

पालखी सुगंधाच्या वाटेच्या तोंडाशी पोचली होती. सुगंधा ओटीचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी होती. देवी येणार नाही हे ठाऊक असूनही दर शिमग्याला ती अंगण सारवायची आणि अशीच उभी राहायची. बाई हट्टी खरी, आणि मला तिचा तो हट्ट फार आवडतो.

बुवांनी पुढची दांडी आपल्या खांद्यावर मागितली. बुवांना नाही कोण म्हणणार?

चार पावलं पालखी सरळ गेली. मग डगमगली आणि सुगंधाच्या घराकडे वळली.

“बुवा, देवी तकडं जायाची न्हाय!” मानकरी ओरडला.

“मग धर की तिला.”

मानकऱ्याने दांडी धरली. पालखी हटेना. देवी ओढतेय म्हटल्यावर जोर तरी किती लावणार? त्याने हात काढले आणि जोडले.

पालखी अंगणात टेकली. सुगंधाने ओटी भरली. तिची मान ताठ होती. ढोलवाले क्षणभर घुटमळले आणि मग वाजवू लागले.

मकरंद मात्र संतापला होता. बुवांच्या टाचा मातीत रुतलेल्या त्याने पाहिल्या होत्या. त्याने बुवांना बाजूला घेतलं.

“देवी ओढत नव्हती. तुम्ही ओढत होतात!”

“होय.”

“मग हे खोटं आहे, बुवा! धडधडीत खोटं!”

बुवांनी खांद्यावरचा गुलाल झटकला...

“आणि देवीच इकडे वळत नाही असं गावकी सांगत होती, तेव्हा हा ‘खोटं’ शब्द कुठे ठेवला होतास?”