रथाची मागची दोरी

एका गावात एक रथ होता, आणि भर उतारावर तो थोपवला कुणी, तर मी! म्हणजे दोरीला इतरांबरोबर मीही लोंबकळत होतो. खरं सांगायचं तर पळताना माझं धोतर तिच्यात अडकलं होतं. असो.

तर त्या रथाला दोन दोऱ्या. पुढची ओढायची, मागची उतारावर ताणून धरायची. पुढची थोरल्या आळीची. गावातली निम्म्याहून जास्त घरं तिथलीच. मागची धरायला विणकर, पिंजारी, वडार, धनगर. कुणाचा देव निराळा, कुणाची बोली निराळी, पण ताण सगळ्यांचा एकाच वेळी बसायचा.

एका वर्षी थोरल्या आळीच्या पाटलांच्या डोक्यात काहीतरी शिरलं. पारावर उभे राहून म्हणाले, "आपण रथ पुढं ओढतो अन् ही माणसं मागं! गावाच्या वाईटावर आहेत ही. यापुढं दोरी एकच. ज्याला गाव प्यारं, त्यानं हात वर करावा."

हात भराभर वर गेले. मी तर दोन्ही केले.

पिंजाऱ्याची म्हातारी उठली. "पाटील, हात मोजलेत. देवळापुढचा उतार मोजलात का?"

"बहुमत झालंय, आजी. बसा."

ती बसली. मागची दोरी गुंडाळून रथालाच टांगली गेली.

जत्रेला सपाटीवर रथ असा पळाला, की थोरल्या आळीची छाती सदऱ्यात मावेना. मग उतार आला. रथाला बहुमत कुठलं कळायला! ओढणारे पुढं पळत सुटले, रथ त्यांच्या पाठीवर. पाटलांचा पाय मुरगळला अन् ते चाकांसमोरच बसले.

कडेला उभी म्हातारी ओरडली, "धरा रे!" अन् स्वतःच आधी धावली. मागोमाग विणकर, वडार, धनगर. गुंडाळी सुटली, तळहात सोलले, आणि रथ पाटलांपासून दोन वितींवर थांबला.

आजही आमच्या गावात पाहुण्याला देऊळ नंतर दाखवतात, आधी ती दोरी. आणि दाखवणारा कुठल्याही आळीचा असो, 'आमची दोरी' असंच म्हणतो.

तात्पर्य इथेच सांगून टाकतो, पुढचं ऐकल्यावर माझं कोण ऐकतंय: मागं ताणून धरणाऱ्यांनाही ज्या गावात जागा असते, त्याच गावाचा रथ धडपणे उतार उतरतो.

तर त्या दिवशी रथ थांबल्यावर पाटील धूळ झटकत उठले. सगळ्यांदेखत, मोठ्या मनानं म्हणाले, "जा, पुढच्या वर्षीपासून मागची दोरी धरायची तुम्हाला परवानगी!"

म्हातारी तळहातावर फुंकर घालत होती.

"परवानगी? आत्ता धरली, तेव्हा मागितली होती का, पाटील?"