पुसलेली मध्यरेषा

नदीकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध पंच राहत असत. चाळीस वर्षे त्यांनी कबड्डीच्या मैदानावर शिट्टी वाजवली होती. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्य पंचाचे काम शिकत होता. तो तिशी ओलांडलेला, शाळेत शिकवणारा, नीटनेटक्या अक्षराचा माणूस होता. गुणपत्रक नेहमी तोच लिही.

त्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेसाठी गावाचा संघ निवडायचा होता. सहा नावे ठरली होती. सातव्या जागेसाठी दोन खेळाडू होते, भैरू आणि महिपत. सहाच्या गाडीने यादी तालुक्याला पोचवायची होती आणि त्याच दुपारी गावातल्या गावात निवडीचा सामना होता.

भैरू तेवीस वर्षांचा होता. गेल्या मोसमात दोन सामने त्याने शेवटच्या चढाईत जिंकून दिले होते. त्यामुळे चहाच्या टपरीवर त्याचे पैसे कोणी घेत नसे. महिपत तेहतीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईला तो कोणालाही न शिवता परत आला होता आणि गाव एका गुणाने हरले होते. तेव्हापासून गाव त्याला रिकामा म्हणे. तो रस्त्याने दिसला की कोणीतरी विचारी, "काय रिकामे, आज तरी काही घेऊन आलात का?" महिपत हसून पुढे जाई. ते नाव गर्दीतून पहिल्यांदा ज्याच्या तोंडून निघाले, तो हा शिष्यच होता. ही गोष्ट त्याने आबांना कधी सांगितली नव्हती.

यंदा नाव आले नाही, तर महिपतचे मैदान कायमचे सुटणार होते. त्याच्या वयाच्या खेळाडूला पुढच्या वर्षी कोणी बोलावत नाही.

सामन्याला तोंड लागण्यापूर्वी आबा शिष्याला म्हणाले, "सातवं नाव तू लिहायचंस."

"मी? आबा, गाव माझ्या अंगावर येईल."

"येईल की. शिट्टी हवी आहे ना तुला? मग आधी एवढं कर."

शिष्याच्या मनात नाव तर तयारच होते. भैरूचे. तरीही त्याने ते लगेच लिहिले नाही.

सामना चुरशीचा झाला. अडीच-तीनशे माणसे दोरीला खेटून उभी होती. पुढच्या बाकावर गावातले कापडाचे एक व्यापारी बसले होते. संघाचे गणवेश दरवर्षी त्यांच्याकडून येत आणि भैरूवर त्यांचा भारी जीव होता. शेवटची चढाई उरली तेव्हा भैरूची बाजू सत्तावीस आणि महिपतची बाजू सव्वीस, असा फलक होता. चढाई भैरूची होती. समोर पाच जण साखळी धरून उभे होते आणि त्यांपैकी कोपऱ्यात महिपत होता.

भैरूने मांडीवर थाप मारली. शिष्याने पेन्सिल सरसावली. आणि आबा मैदानाच्या मधोमध चालत आले.

त्यांनी शिट्टी वाजवली नाही. पायातली चप्पल काढून त्यांनी हातात घेतली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पाय घासत घासत, फक्कीची मध्यरेषा पुसून टाकली. पांढरी रेघ मातीत मिसळली. मागून आवाज आला, "आबांच्या पायाला खाज सुटली काय रे?" दुसरा म्हणाला, "चष्मा बदला म्हाताऱ्याचा." हसू पसरले, पण ते फार टिकले नाही.

भैरू गोंधळून म्हणाला, "आबा, रेघ पुसली तर मी परतू कुठं?"

"होती तिथंच. घे दम."

शिष्याला वाटले, वय झाले यांचे. पण चाळीस वर्षांची सवय अशी, की आबांनी हात खाली केला आणि भैरू आत शिरला.

तो सरळ खोल गेला. कोपऱ्यातल्या महिपतला हुलकावणी देऊन त्याने मधल्या गड्याच्या छातीला हात लावला आणि वळला. वळताक्षणी महिपतने त्याचा घोटा धरला. बाकीचे चौघे अंगावर पडले. भैरू त्या पाचजणांना ओढत सरकला, अंग लांबवले, हात फेकला आणि सगळा ढीग रेघ जिथे होती तिथे कोसळला. दम सुटला. आबांची शिट्टी वाजली.

"पोचला," अर्धे मैदान ओरडले.

"कुठला पोचतोय. वीतभर कमी होता," उरलेले अर्धे.

माणसे मध्यरेषेच्या टोकांकडून दोरी ओलांडून आत आली आणि तिथेच गोळा झाली. कोणी म्हणाले, टोकांच्या दोन खुंट्यांना सुतळी बांधा, रेघ सापडेल. आबा म्हणाले, "बांधा. पण हात नेमका कुठं पडला, ते कोण सांगणार?" सहा माणसांच्या लोळण्याने तिथली माती नांगरल्यासारखी झाली होती. लोक महिपतकडे वळले. घोटा त्यानेच धरला होता, त्याला ठाऊक असणार. महिपत तोंडातली माती थुंकत उभा होता. "मला काय विचारता? माझे डोळे मिटलेले होते," तो म्हणाला, "आणि भैरूचं ढोपर माझ्या कानावर."

भैरू म्हणाला, "मी पोचलो होतो."

"तू तर म्हणणारच," कोणीतरी म्हटले. भैरू त्याच्या अंगावर धावला. चौघांनी त्याला आवरले. वातावरण तापत चालले. व्यापारी बाकावरून उठून आबांसमोर आले.

"आबा, तुमचा मान मोठा आहे. पण हा काय पोरखेळ? निकाल द्या."

"निकाल देणार नाही, शेठ. पण चढाई तर तुम्ही पहिल्या बाकावरून पाहिलीत. कशी होती, एवढं सांगा."

"आधी तो पोचला की नाही ते सांगा. मग सांगतो कशी होती."

"बरं. समजा, पोचला."

"मग प्रश्नच नाही. वाघ आहे वाघ. पाचजणांना ओढून आणणारा गडी पंचक्रोशीत दाखवा दुसरा."

"आणि समजा, चार बोटं कमी पडला."

व्यापारी चिडून म्हणाले, "तर मग अक्कल नको का? एका गुणानं पुढे होतो. नुसतं रेघेपाशी उभं राहून दम घेतला असता तरी जिंकलो असतो. आत घुसायचं कारण काय?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिस्सकन हसले. मग बरेच जण हसले. व्यापाऱ्यांनी वळून पाहिले. आपण काय बोलून गेलो, हे त्यांना त्या हसण्यातून कळले आणि त्यांचा चेहरा उतरला.

आबा शिष्याला म्हणाले, "लिही. शेठजींची दोन्ही मतं लिही. माणूस एकच, चढाई एकच."

शिष्याने लिहायला घेतले, पण पेन्सिल चालेना. कारण कागदावर त्याने स्वतः आधीच एका शब्दाचे पहिले अक्षर लिहून ठेवले होते. भैरूचा हात जमिनीवर पडताना त्याने वाघाचा व लिहिला होता आणि शिट्टीनंतर निकाल काय लागतो म्हणून तो थांबला होता.

आबांचा आवाज चढला नाही. "आपण चढाई पाहत नाही," ते म्हणाले. "आपण शिट्टी ऐकतो आणि मग मागं वळून चढाई आठवतो. हात पोचला तर घाईला धाडस म्हणतो, नाही पोचला तर धाडसाला घाई म्हणतो. ती चार बोटं गड्याच्या हाती नसतात रे. घामावर असतात, मातीवर असतात, दुसऱ्याच्या पकडीवर असतात. त्याच्या हाती असतं ते त्या आधीचं सगळं. आत जायचं की नाही, कधी जायचं, कुणाच्या अंगावर जायचं. म्हणून आज मी ती चार बोटं तुमच्यापासून काढून घेतली. आता उरलं तेवढ्यावर बोला."

गर्दीत चुळबुळ झाली. मग व्यापारी म्हणाले, "हे सगळं खरं. पण महिपतनं सामना घालवला होता, हे तर साऱ्या गावानं पाहिलंय ना?"

"त्या शेवटच्या चढाईला गुण किती होते?" आबांनी विचारले.

"एकानं मागं होतो," एकजण म्हणाला.

"दोनानं," दुसरा म्हणाला.

शिष्य तेव्हा अजून आबांच्या हाताखाली आला नव्हता, त्या दिवशी तो गर्दीतच होता. महिपतचे परत येणे त्याला काल घडल्यासारखे दिसत होते, त्याची खाली घातलेली मानसुद्धा. पण फलक आठवेना. त्याने डोक्याला खूप ताण दिला. फलकाची जागा कोरी होती.

"महिपत, तूच सांग," आबा म्हणाले.

महिपतने कपाळाची माती पुसली. "बरोबरी होती, आबा. आमचे दोघंच उरले होते. त्यांचे सातही आत. मी पकडला गेलो असतो तर तिथंच कारभार आटोपला असता. परत आलो, म्हणून पाच-पाच जादा चढाया मिळाल्या. त्यात एकानं हरलो."

"त्यात तुझी चढाई झाली?"

"झाली. एक गुण आणला."

"मग दोन वर्षं हे बोलला का नाहीस?" व्यापाऱ्यांनी विचारले.

"कुणी विचारलं, शेठ?"

जादा चढाया सगळ्यांनी पाहिल्या होत्या. त्यांत कोण कोण बाद झाले, हेही तेव्हा पाहिले होते. पण ते सगळे गळून गेले होते आणि एक पाठमोरा माणूस तेवढा शिल्लक राहिला होता. शिष्याचा चेहरा तापला. तो आबांच्या जवळ गेला आणि हळू आवाजात म्हणाला, "त्याला रिकामा हे नाव मीच ठेवलं होतं."

"माहीत आहे मला," आबा म्हणाले. "मी शिट्टी वाजवत होतो, बहिरा नव्हतो. पण आता त्याची भरपाई म्हणून त्याचं नाव लिहिशील, तर तेही चूकच. ते तर तुझ्या मनाचं झालं, खेळाचं नाही. पावणेसहा वाजलेत."

लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला. गाडी नदीच्या पुलापाशी आली होती. लोकांनी पुन्हा गलका सुरू केला. कोणी भैरूचे नाव घेत होते, कोणी महिपतचे. आता महिपतचे नाव घेणाऱ्यांतही दोन वर्षे त्याला टोमणे मारणारेच पुढे होते. शिष्याला ते ओरडणेही ओळखीचे वाटले. त्याने तिकडे लक्ष दिले नाही आणि मैदानाकडे पाहिले. पाहण्यासारखे तेवढेच उरले होते.

मध्यंतरात पाणी मारून रोलर फिरवलेली माती होती. सामन्याच्या दुसऱ्या डावात महिपतची बाजू नदीकडच्या अर्ध्या भागात उभी होती. त्या भागात चढाया करणाऱ्यांच्या पावलांची नक्षी उमटली होती. मधे ती दाट होती. दुसऱ्या कोपऱ्यात तर माती उकरली गेली होती. महिपतच्या कोपऱ्याकडे मात्र पावले चार-दोनच गेली होती आणि निम्म्या वाटेवरून वळली होती. त्याच्यापुढची हातभर रुंद पट्टी मध्यंतरात रोलरने केली तशीच गुळगुळीत होती.

शिष्याने आपले गुणपत्रक उघडले. दुसऱ्या डावात महिपतच्या नावापुढे दोनच खुणा होत्या. तो खेळाडू जवळजवळ काही करत नव्हता, असेच कागद सांगत होता. आणि माती सांगत होती, की वीस मिनिटे त्या कोपऱ्यात शिरायची कोणाची हिंमत झाली नव्हती. जे घडले नाही त्याची खूण करायला गुणपत्रकात रकानाच नव्हता.

मग त्याने भैरूच्या शेवटच्या चढाईचा विचार केला. हात पोचला की नाही ते बाजूला ठेवून. एक गुण पुढे, शेवटची चढाई, समोर पाच जण. रेघेपाशी दम घेतला असता तर सामना खिशात होता. भैरू आत गेला तो कोणासाठी, हे शिष्याला स्पष्ट दिसले. बाकावरच्या माणसांसाठी. त्यात भैरूचा एकट्याचा दोष नव्हता. आत शिरायला त्याला गावानेच शिकवले होते.

त्याने सातवे नाव लिहिले, कागदाची घडी केली आणि उभा राहिला.

"महिपत," तो म्हणाला.

गर्दीतून शिव्या आल्या. एकाने मातीचे ढेकूळ फेकले, ते शिष्याच्या खांद्याला लागून फुटले. व्यापारी अगदी जवळ आले. "मास्तर, एक सांगा. उद्या कळलं की भैरूचा हात पोचला होता, मग काय कराल?"

"पोचला असेल, शेठ. तरी नाव हेच."

"आणि जिल्ह्याला हा महिपत हरवून आला तर?"

हा प्रश्न शिष्याने स्वतःला विचारला नव्हता. "तर गाव मला जन्मभर बोलेल," तो म्हणाला. "पण आज मातीत जे दिसलं, ते त्यानं बदलत नाही."

भैरू लांब बसला होता. त्याने गुडघ्याची पट्टी सोडली, हातात गुंडाळली आणि शिष्याकडे पाहत विचारले, "मास्तर, खरंच, आत जायला नको होतं?"

"नको होतं."

"पोचलो असलो तरी?"

"तरी."

भैरू उठून मात्र गेला नाही. महिपत त्याच्या शेजारी जाऊन बसला आणि कानशील चोळत म्हणाला, "ढोपर मात्र लोखंडाचं आहे बाबा तुझं."

गाडी आली. शिष्याने यादी पाकिटात घालून चालकाच्या हाती दिली. परत वळला तेव्हा आबांनी गळ्यातली शिट्टी काढून त्याच्यापुढे धरली होती. त्याने ती घेतली, पण गळ्यात घातली नाही. मुठीत धरून तो बराच वेळ त्या पुसलेल्या रेघेपाशी उभा राहिला.

जिल्ह्याच्या स्पर्धेत पुढे काय झाले, ते इथे सांगत नाही. ते सांगितले, तर शिष्याची निवड बरोबर होती की चूक, हे वाचणारा त्यावरूनच ठरवील.