तळाचा घोट

"काका, कपाटाची किल्ली मला कधी देणार?"

शर्वाणीनं हे नाताळच्या आधीच्या रविवारी विचारलं, भर दुपारी, सगळ्यांसमोर. बस्त्यावकाका पेले पुसत होते.

बस्त्यावकाका मूळचे वसईचे. नाशकात त्यांचं वाइनचं दुकान आहे, दहा माणसं आली की अकराव्याला दारात उभं राहावं लागतं एवढंसं. दरवर्षी नाताळात ते मागच्या कपाटातली एक जुनी लाल वाइन काढतात आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांना चाखवतात. मी निवृत्त माणूस, तिथला हक्काचा फुकट्या. एकही वर्ष चुकवलेलं नाही.

जुन्या लाल वाइनच्या बुडाशी गाळ साचतो. वरची नितळ वाइन पाहुण्यांना, आणि तो कडू गाळ काकांना. तीस वर्षं असंच चाललंय. का म्हणून विचारलं की 'मालकाचा वाटा' म्हणतात आणि हसतात.

शर्वाणी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होती. पोरगी हुशार! लंडनची वाइनची परीक्षा देऊन आली होती, आणि हे विसरायला ती कुणाला उसंत देत नसे. काकांना मूलबाळ नाही. ज्याच्या हाती कपाट, त्याच्या हाती पुढे दुकान, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही.

काकांनी खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"आज तूच ओत."

तिला वाटलं, थट्टा चाललीय. मलाही तेच वाटलं.

बाटली होती इटलीतल्या कुठल्याशा डोंगरावरची, नव्वद सालची. दुकान उघडलं तेव्हा काकांनी सहा घेतल्या होत्या, त्यातली ही शेवटची. गाळ तळाशी बसावा म्हणून शुक्रवारपासून ती कपाटात उभी ठेवली होती. काकांनी तिच्यावरची धूळसुद्धा पुसली नव्हती.

शर्वाणीनं बाटली उचलली. वर धरली, तिरकी केली, प्रत्येकाला लेबल दाखवत दुकानभर फिरली. डॉक्टर घैसासांना फोटो हवा होता, त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती माझ्याकडे दिली. मीही मूर्खासारखा उलटीसुलटी करून पाहिली. शर्वाणी मात्र बोलत होती... कुठली माती, कुठलं द्राक्ष, त्या वर्षी पाऊस किती. छान बोलत होती, खोटं कशाला सांगू!

बूच काढायला तिनं हत्यार लावलं, तेव्हा काका म्हणाले, "थांब."

त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि बाटलीच्या मानेमागे धरली.

आत सगळं गढूळ होतं.

शर्वाणीचा चेहरा उतरला. जुनी बाटली का हलवू नये, परीक्षेत तिला हाच प्रश्न आला होता म्हणे, आणि पैकीच्या पैकी मार्क.

"मलमलीतून गाळून घेऊ," ती हळूच म्हणाली.

"कशाला? वाइन दमलीय. बसू दे तिला उद्यापर्यंत."

"काका, अकरा माणसं आलीत! त्यांना काय सांगू?"

"झालं ते सांग."

ती पाहुण्यांकडे वळली. "बाटली अजून... तयार नाहीये."

काका पेले पुसत राहिले.

"तयार होती," शर्वाणी म्हणाली. "मी हलवली. मिरवायच्या नादात. माझ्यामुळे आज मिळणार नाही. उद्या पाच वाजता याल का?"

घैसास पुटपुटत निघून गेले. एकजण म्हणाला, सोमवारी कोण रिकामं असतं? काकांनी प्रत्येकाला केकचा तुकडा दिला आणि दारापर्यंत सोडलं. तिच्या बाजूनं एक शब्द बोलले नाहीत. मला रागच आला त्यांचा.

सोमवारी सातजण आलो. घैसाससुद्धा!

बाटली मेजावर जिथल्या तिथे उभी होती. शर्वाणी सकाळपासून समोर बसून होती. तिनं बाटलीला बोटही लावलं नव्हतं.

तिनं बूच काढलं, बाटली जराही न हलवता. मेणबत्तीच्या उजेडात मानेकडे बघत ती ओतायला लागली, सुईत दोरा ओवावा इतक्या सावकाश. सात पेले भरले, आठवा काकांचा. मग मानेत काळसर रेघ दिसली आणि तिचा हात तिथंच थांबला. स्वतःचा पेला तिनं मांडलाच नव्हता.

आम्ही प्यायलो... काय सांगू! सुकं अंजीर होतं, आजोबांच्या पेटीतला वास होता, आणि शेवटी काहीतरी गोड, ज्याला मला नाव सुचेना. दर घोटाला दहा फळांची नावं घेणारे घैसास डोळे मिटून गप्प बसले होते. असा माणूस आणि असं दुकान आपल्या गावात आहे, या विचारानं मला भरून आलं.

शर्वाणी आज एक अक्षर बोलली नव्हती. सगळ्यांचे पेले रिकामे झाल्यावर तिनं किल्ली काकांसमोर ठेवली.

"माझी लायकी नाही, काका."

काकांनी किल्लीकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी एक स्वच्छ पेला घेतला. बाटली उलटी केली. तळाचा सगळा काळा, जाड गाळ त्यात उतरला. तीस वर्षांच्या सवयीनं आम्ही वाट पाहत होतो, आता ते तोंडाला लावतील...

त्यांनी पेला तिच्यापुढे सरकवला.

"पी. आजपासून हा तुझा."