खड्डा न खणता लावलेली बाग

जिथे जायला निघालं की शिदोरी अर्ध्या वाटेत संपते आणि उरलेली वाट भुकेच्या भरवशावर चालावी लागते, अशा एका गावाचं नाव खडकओहोळ. तिथे मांजरं गातात असं कुणी सांगितलं तर ते साफ खोटं समजा. पण आता जे येतंय ते अक्षरन् अक्षर खरं आहे.

त्या गावात सगुणा नावाची एक चिमुकली मुलगी आपल्या आईबरोबर दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायची. आई गोधड्या शिवायची. ज्याच्या घरी गोधडी जायची त्याला उबेची झोप लागायची, आणि सगुणा मात्र थंडीत आईच्या जुन्या लुगड्यात गुरगुटून निजायची. दोन वर्षांत त्यांनी चार घरं बदलली होती. दर घरी सगुणाची एखादी मैत्रीण व्हायची, आणि नाव नीट पाठ होतंय तोवर बिऱ्हाड हलायचं.

घरामागे एक बाग होती. म्हणजे बाग असं म्हणायचं. तिथे सगुणाच्या खांद्याएवढं गाजरगवत होतं, एक वाळकुडी तगर होती, आणि कोपऱ्यात कुणीतरी टाकून दिलेल्या फुटक्या मडक्यात जास्वंदीची एक काडी मान टाकून उभी होती.

दिवाळीचे कंदील उतरले त्या दिवशी घरमालकीण गोदाक्का आल्या. गोदाक्का चालायला लागल्या की त्यांच्या आधी त्यांचा अंबाडा पोचायचा, इतका तो मोठा.

"द्वारका," त्या आईला म्हणाल्या, "संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा मी या बागेत करणार. गावातल्या बायकांना आत्ताच सांगून टाकलंय. तोवर बाग बघण्यासारखी झाली पाहिजे. नाही झाली, तर घर रिकामं करा."

"करू की, अक्का," आई म्हणाली. "कुदळ मिळेल का?"

"कुदळ कशाला? माझ्या जमिनीत भाडेकरूने खड्डा खणायचा नाही. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

सगुणा गोंधळली. "अक्का, खड्डा न खणता झाड कसं लावायचं?"

"ते ज्याला राहायचंय त्याने बघायचं," असं म्हणून अंबाडा निघाला आणि त्याच्यामागून गोदाक्का.

सगुणा बागेत जाऊन बसली. हातात पितळी फुलपात्रात तिचं प्यायचं पाणी होतं. नळाला पाणी एक दिवसाआड यायचं, म्हणून प्रत्येकाचं पाणी ठरलेलं. तहान तर लागली होती, पण समोर ती जास्वंदीची काडी. सगुणाने काडीकडे पाहिलं, फुलपात्राकडे पाहिलं, आणि सगळं पाणी मडक्यात ओतलं.

"कोण गं ते? माझं अंथरूण भिजलं," मडक्यातून आवाज आला.

आणि मडक्याच्या काठावर, ओलीचिंब, नाक शिंकरत एक इवलीशी परी चढून बसली. उंची करंगळीएवढी. पंख कांद्याच्या पापुद्र्यासारखे गुलाबी, झिरझिरीत, आणि त्यांवर मोरपिसाची निळाई अशी लकाकत होती की गाजरगवतसुद्धा क्षणभर देखणं दिसलं.

"तू इथे राहतेस?" सगुणाने विचारलं.

"भाड्याने. या काडीला रोज सकाळी एक दवाचा थेंब द्यायचा, मग राहायचं. पण काडी तहानेने मरत चालली होती. तिला तू वाचवलंस, म्हणून तुला तीन इच्छा मिळतील. थांब हं, नियम वाचून दाखवते." तिने पंखाखालून टिकलीएवढी पाकळी काढली, उलटी केली, सुलटी केली. "अगं बाई. तुझ्या पाण्याने शाई फुटली. काही म्हणजे काही वाचता येत नाही."

"मग नियम काय आहेत?"

"वाळल्यावर कळतील. तोवर तू माग."

सगुणाने डोळे मिटले. "ही बाग फुलू दे."

परीने हात फिरवला. सोनेरी, केशरी, लाल चांदण्या भिरभिरल्या, कुंपणावरून उडाल्या आणि गल्लीच्या टोकाला दिसेनाशा झाल्या. बागेत एक पानही हललं नाही.

तिकडे गोदाक्का ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांना सणसणीत शिंक आली, आणि अंबाड्यातून फटाफट एकवीस झेंडू उमलले, टपोरे आणि पिवळेधमक. शेजारची तानीकाकू म्हणाली, "अक्का, आज काही खास?" गोदाक्कांनी डोक्यावर हात नेला, आणि मग त्या जणू आपणच माळल्यासारखा चेहरा करून तांदूळ निवडत राहिल्या. पुढे आठ दिवस त्यांच्या डोक्यावर मधमाश्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पाकळी थोडी वाळली. परीने वाचलं, "नियम पहिला. मागणाऱ्याने आपल्या मालकीच्याच वस्तूसाठी मागावं. दुसऱ्याच्या वस्तूसाठी मागितल्यास इच्छा मालकाच्या पत्त्यावर जाते. हां, म्हणून ती तिकडे गेली."

"पण इथलं माझं काहीच नाही," सगुणा म्हणाली. "जमीन अक्कांची. तगर अक्कांची. गवतसुद्धा अक्कांचंच असेल."

दोघी गालावर हात ठेवून बसल्या. तेवढ्यात गल्लीत कुणीतरी गळकी बादली उकिरड्यावर भिरकावली. धडाम् आवाज झाला.

"ती आता कुणाची?" सगुणाने विचारलं.

परी पाकळी डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली, "टाकलेली वस्तू उचलेल त्याची. हे बारीक अक्षरात आहे."

मग सगुणा दारोदार हिंडली. गळकी बादली, बुडाला भोक पडलेला तेलाचा डबा, तडकलेले माठ, नारळाच्या करवंट्या, अंगठ्याशी फाटलेला गमबूट. प्रत्येक ठिकाणी ती विचारायची, "काकू, हे नक्की टाकलंय ना?" लोक चक्रावून जायचे. उकिरड्यावरची वस्तू विचारून नेणारं माणूस त्यांनी पाहिलं नव्हतं. गवत तिने हाताने उपटलं आणि कोपऱ्यात कुजायला घातलं. चुलीतली राख, शेळीच्या लेंड्या, पाचोळा, ओढ्याच्या काठची माती, सगळं कालवून आईने आणि तिने डबे भरले. गोधडीच्या उरलेल्या चिंध्यांच्या दोऱ्या वळून करवंट्या तगरीला टांगल्या. एक छदाम लागला नाही.

आता हव्या होत्या फांद्या. आणि इथे खरा घोळ झाला.

कारण खडकओहोळात एक पक्की समजूत होती. मागून आणलेली फांदी लागत नाही, चोरून आणलेलीच लागते. हे तिथे दोन आणि दोन चार इतकं सर्वांना ठाऊक. त्यामुळे सगुणा तानीकाकूकडे जाऊन म्हणाली, "काकू, गुलाबाची एक फांदी द्याल?" तेव्हा तानीकाकूने कपाळाला हात लावला.

"मागतेस काय वेडे? लागायची नाही. मी पाठ करते, तू चोर."

तानीकाकूने पाठ केली आणि ती आभाळाकडे बघू लागली. पायाशी कात्री मुद्दाम ठेवलेली.

सगुणा उभीच. चोरलेली फांदी तिची कशी होणार? आणि तिची नसेल तर इच्छा पुन्हा भलतीकडे जायची. तानीकाकूच्याच नाकातून गुलाब आले तर?

"चोरलीस का?"

"नाही, काकू."

"लवकर चोर गं बाळ, माझी मान अवघडली."

"मला चोरता येत नाही. तुम्ही द्या ना."

"मी दिली तर तुझं नुकसान होईल. माझ्याकडून नाही व्हायचं ते."

पुढच्या घरी तेच. त्याच्या पुढच्या घरी तर दोघी जावा पाठ करून उभ्या राहिल्या आणि "आपल्याला काहीच दिसत नाही हो" असं एकमेकींना मोठ्याने सांगू लागल्या. इतक्या चांगल्या बायका, इतक्या मनापासून, तिला चोरी करायला लावत होत्या. सगुणाला रडू यावं की हसू, तेच कळेना. ती रिकाम्या हातांनी घरी आली.

"देत नाहीत आणि मी घेत नाही," तिने परीला सांगितलं. "मधलं काही असतं का?"

परी म्हणाली, "मला विचारू नकोस, मी काल रात्रीपासून पाकळी उलटी धरली होती."

सगुणा विचार करत बसली. मग पुन्हा तानीकाकूकडे गेली. "काकू, तुमचा गुलाब फार वाढलाय. छाटला तर फांद्या कुठे टाकाल?"

"कुठे म्हणजे? कुंपणाबाहेर."

"मग छाटा आणि टाका. मी बाहेर उभी आहे."

तानीकाकूने डोळे बारीक केले. दिलेली नाही. चोरलेली नाही. डोक्यात कुठेतरी किल्ली फिरली, आणि ती अशी हसली की तिचे उरलेले चार दात दिसले. त्या संध्याकाळी अख्ख्या गल्लीत कात्र्या चालल्या. कुंपणांवरून गुलाब आले, मोगरा आला, अबोली, कण्हेर, जाई, शेवंतीचे फुटवे आले. सगुणा ओच्यात झेलत धावत होती.

सगळ्या फांद्या डब्यांत लावून झाल्यावर तिने दुसरी इच्छा मागितली. "माझ्या डब्यांतल्या माझ्या फांद्यांना मुळं फुटू देत."

या वेळी चांदण्या जागच्या जागी उतरल्या. हिरव्या ठिणग्या मातीत मुरल्या. संक्रांत आली तोवर बागेत नुसती रंगपंचमी झाली होती. गमबुटातून शेवंती डोकावत होती, बादलीत लालचुटुक गुलाब, करवंट्यांतून नाजूक अबोली झुलत होती, आणि फुटक्या मडक्यातल्या जास्वंदीला परीच्याच उंचीची कळी आली होती. जमिनीत खड्डा एकही नव्हता.

हळदीकुंकवाला बायका आल्या आणि दारातच थबकल्या. गोदाक्कांनी अंबाडा वर करून चहूकडे असं पाहिलं, जणू बाग त्यांनीच फुलवली होती. तिळगूळ वाटला. तेवढ्यात परी सगुणाच्या कानाशी घाईने आली.

"पाकळी पूर्ण वाळली. दुसरा नियमही होता. जे उगवेल ते मागेल त्याला द्यावं, नाही म्हटलं की कोमेजतं. तिसरा नियम नाही, तो डागच आहे."

आणि नेमकी तेव्हाच तानीकाकू म्हणाली, "सगुणे, ही अबोली मला देतेस? यंदा वाण म्हणून हीच घरी नेते."

सगुणाने आईकडे पाहिलं. रोपं दिली तर बाग रिकामी, आणि बाग रिकामी झाली तर घर जाणार. नाही म्हटलं तर सगळंच वाळणार. पण तानीकाकूचे डोळे अबोलीवर असे खिळले होते, की नियम नसता तरी सगुणाला नाही म्हणवलं नसतं.

"घ्या काकू," ती म्हणाली.

मग काय. एकीने मोगरा मागितला, दुसरीने कण्हेर. दोघी जावांनी एकच गुलाब मागितला, त्यांना सगुणाने एकेक डबा दिला. बादली गेली, माठ गेले, गमबूट गेला. बायका हसत, फुलत घरी गेल्या, आणि बागेत उरली मोकळी माती, गोल गोल ओले डाग आणि ते एक मडकं.

गोदाक्का लाल झाल्या. "माझी बाग वाटून टाकलीस?"

"बाग तुमचीच आहे, अक्का. डबे माझे होते."

"मग बाग कुठाय?"

सगुणाचे डोळे भरून आले.

"उद्या सामान बांधा," गोदाक्का म्हणाल्या. जायला वळल्या, पण पाय अडखळला. जास्वंदीच्या कळीकडे त्या बघत राहिल्या. आवाज एकदम लहान झाला. "सगळ्या गावाला दिलंस. मलाच काही नाही दिलंस. ती जास्वंद देतेस?"

त्या मडक्यात परीचं घर होतं. सगुणाने परीकडे पाहिलं. परीने होकाराची मान हलवली. नियम तिच्यासाठीही नियमच होता. ती आपलं ओलसर अंथरूण काखेत मारून बाहेर आली, आणि सगुणाने मडकं उचलून गोदाक्कांच्या हातात दिलं.

मग ती परीजवळ बसून हळूच म्हणाली, "तू बेघर झालीस माझ्यामुळे. माझी एक इच्छा शिल्लक आहे ना? ती माझ्याच मालकीची आहे?"

"हो."

"मग ती मी तुला दिली. तुझ्यासाठी माग."

परी इतकी गोंधळली, की तिचे पंख एकमेकांत अडकले. "परीला कुणी इच्छा देत नाही गं. हे पाकळीवर लिहिलेलंच नाही." मग तिने रिकाम्या मातीवरून नजर फिरवली आणि हसली. "तुझे सगळे डबे गळके होते, सगुणा. भोकांतून मुळं केव्हाच खाली गेलीत. ती माझ्या जादूने फुटलेली, म्हणजे माझी. त्यांना वर येऊ दे, एवढंच मागते."

गोल डाग थरथरले. प्रत्येकातून एक पोपटी कोंभ वर आला, मग दुसरा, मग पानं, मग कळ्या. गुलाबी, जांभळ्या, शुभ्र, केशरी. जाई तगरीवर सरसर चढली. बाग जमिनीतून उगवून आली.

गोदाक्कांनी खाली वाकून पाहिलं. बोटाने माती चाचपली. खणलेली जागा कुठेही नव्हती. रागवायला कारण सापडेना, आणि कारणाशिवाय रागवायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी मडकं छातीशी धरलं.

"द्वारका," त्या शेवटी म्हणाल्या, "याला पाणी किती घालायचं ते मला काही कळत नाही. रोज विचारायला यावं लागणार. तेव्हा तुम्ही कुठे जाऊ नका. राहा इथेच, हवं तितकं."

आईने पदराने डोळे टिपले आणि त्यांच्यासाठी पाट मांडला.

परी आता सगुणाच्या तळहातावर उभी होती, पण तिचं वजन कमी कमी होत चाललं होतं.

"तू कुठे राहणार?" सगुणाने विचारलं.

"ज्या परीला कुणी आपली इच्छा देतं, तिला भाड्याने राहावं लागत नाही," परी म्हणाली. "ती उजेडात राहते." आणि तिच्या पंखांतून निळा, मग गुलाबी, मग मधासारखा सोनेरी उजेड पसरला, पानापानावर सांडला, आणि त्यातली परी कुठे संपली आणि फुलं कुठे सुरू झाली, ते सगुणाला काही केल्या सांगता आलं नाही.