बाराच्या आतला भात

"भन्ते, अजून पंचवीस मिनिटं आहेत ना?"

शीलवंतने हे तिसऱ्यांदा विचारलं.

तालुक्याच्या सौरऊर्जा मेळाव्यात त्याचा सौरचुलीचा स्टॉल होता. काळी पेटी, वर काच, काचेवर ऊन पाडणारा आरसा आणि आत भाताचा डबा. सकाळीच त्याने माईकवरून जगाला सांगून टाकलं होतं, "आज माझे गुरू भन्ते सुवच माझ्या सौरचुलीवरचा भात जेवणार!"

भिक्खू बाराच्या आत जेवतात, मग दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, हे त्याला पाठ होतं. पेटी खरी तापते दुपारच्या उन्हात, हेही पाठ होतं. दोन्ही एकदम आठवायचं तेवढं राहून गेलं.

त्याने काच उचलली. शीत दाबून पाहिलं.

"कच्चाच..."

भन्ते मांडीवर पात्र घेऊन स्वस्थ बसले होते.

पाच मिनिटांनी शीलवंतने पुन्हा काच उचलली. मग पुन्हा.

"काहून उघडतं रे घडोघडी?" बघ्यांतली म्हातारी कौतिकाबाई म्हणाली. "वाफ जाते ना, बापू."

"मला नका शिकवू, मावशी. मी याचे वर्ग घेतो."

पण त्याने पुन्हा घड्याळ पाहिलं. गुरू उपाशी राहणार, तेही आपल्यामुळे, तेही चारचौघांत.

"भन्ते, शेजारी पोहे मिळतात. आणू?"

"तू भात देणार म्हणालास."

"आणि नाहीच शिजला तर?"

भन्तेंनी मांडीवरचं पात्र नीट सरळ केलं.

बारा वाजले. भन्तेंनी पात्रावर झाकण ठेवलं.

शीलवंतचं तोंड एवढंसं झालं. पेटीकडे पाठ करून तो जमिनीवरच बसला. आता उघडून बघायचं तरी कशाला?

एक वाजता कौतिकाबाईनेच काच उचलली. मांडवभर भाताचा वास सुटला.

"झाला रे बापू! कसा मोकळा झाला, पाह्य!"

शीलवंत उठला नाही. त्याला रडूच आलं.

"वाढ सगळ्यांना," भन्ते म्हणाले.

"तुम्ही उपाशी, आणि मी गावाला वाढू? तुमच्यासाठी ठेवला होता हा भात, तुमच्यासाठीच सारखा उघडून बघत होतो, भन्ते!"

भन्तेंनी पत्रावळींचा गठ्ठा उचलून त्याच्या हातात दिला.

"म्हणून तर शिजत नव्हता."